ओन्से म्हणजे अकरा



औषधाच्या बाटलीवर इंग्रजीत ‘वन्स अ डे’ असं छापलेलं असतं. दिवसातून एकदा घ्यायचं, एवढाच त्याचा अर्थ. आता यातला ‘वन्स’ हा शब्द, ओ-एन-सी-ई ही चार अक्षरं, स्पॅनिश वाचणाऱ्या एखाद्या आईसमोर ठेवा. ती ते ‘ओन्से’ असं वाचेल. आणि स्पॅनिशमध्ये ओन्से म्हणजे अकरा.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या औषधदुकानांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष 2010 मध्ये छापून आले. संगणकानं इंग्रजीतून स्पॅनिश करून दिलेल्या चिठ्ठ्यांपैकी निम्म्या चिठ्ठ्यांत चुका निघाल्या. कुठं इंग्रजी ‘वन्स’ तसाच राहिला होता, कुठं अर्धं वाक्य इंग्रजी आणि अर्धं स्पॅनिश. घरात बाळ तापानं फणफणलेलं असताना आईनं त्यातून काय समजून घ्यायचं?

आज आपण या भाषेबद्दल बोलू. इंग्रजी बोलणारी माणसं रोजच्या वापरातले स्पॅनिश शब्द कसे शिकतात, त्यांना काय सोपं जातं, कुठं पाय घसरतो, ते सांगते. तुम्ही म्हणाल, आमचा काय संबंध? एक म्हणजे, आपल्याकडच्या काही लेकी-सुना आता अमेरिकेत नांदतात आणि त्यांच्या कानावर इंग्रजीच्या खालोखाल हीच भाषा पडते. तिथं घरात स्पॅनिश बोलणारे चार कोटींहून जास्त लोक आहेत. शेतात, गोठ्यात, हॉटेलच्या स्वयंपाकघरात, इमारतीच्या बांधकामावर हीच भाषा चालते. दुसरं म्हणजे, यातले काही शब्द तुमच्या माझ्या तोंडात आधीपासूनच आहेत.

कसे, ते ऐका. पोर्तुगीज गोव्यात 1510 मध्ये आले, वसईलाही राहिले. त्यांची भाषा आणि स्पॅनिश या सख्ख्या बहिणी, दोघींची आई लॅटिन. पोर्तुगीजांकडून आपण पाव घेतला, चावी घेतली, बटाटा घेतला, तंबाखू आणि बालदी घेतली, आणि महिन्याच्या शेवटी ज्याची वाट बघतो तो पगारही घेतला. स्पॅनिशमध्ये पावाला ‘पान’ म्हणतात, चावीला ‘यावे’, तंबाखूला ‘ताबाको’, बालदीला ‘बाल्दे’. ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणं. स्पेनमध्ये बटाट्याला ‘पताता’ म्हणतात, मेक्सिकोत मात्र ‘पापा’. आणि ‘बताता’ म्हटलं तर बऱ्याच ठिकाणी तुमच्या हातात रताळं ठेवतील.

याहून जुनं नातंही आहे. एखाद्या मोठ्या कुळाच्या फांद्या लांब लांब जाव्यात, तशी संस्कृत आणि लॅटिन एकाच कुळातली. दोनला ‘दोस’, तीनला ‘त्रेस’, साताला ‘सिएते’, नवाला ‘नुएवे’. आपल्याकडे नऊ आणि नवा हे शब्द जवळजवळ सारखे, तिकडेही नऊ म्हणजे ‘नुएवे’ आणि नवा म्हणजे ‘नुएवो’. आणि ‘तू’ला तर ते ‘तू’च म्हणतात! पण याच भरवशावर पुढं जाल तर फसाल. ‘मामा’ म्हणजे तिकडे आई. ‘काका’ हा शब्द तर लहान मूल शी झाली हे सांगायला वापरतं. काकांना सांगू नका.

तर, इंग्रजी बोलणारे. त्यांना ही भाषा फार अवघड नाही. अमेरिकी सरकार परदेशी वकिलातीत जाणाऱ्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं, आणि कोणत्या भाषेला किती तास लागतात याचा हिशेब ठेवतं. स्पॅनिश सगळ्यात सोप्या गटात येते, वर्गातले सहाशे ते साडेसातशे तास. हिंदीला त्यांना अकराशे तास लागतात. याचं कारण असं, की इंग्रजीनं मधल्या काळात फ्रेंच आणि लॅटिनमधून शब्दांची पोतीच्या पोती उचलली. त्यामुळे हजारो शब्द दोन्हीकडे सारखे. हॉस्पिटल, डॉक्टर, अ‍ॅनिमल, हॉटेल, चॉकलेट. अक्षरं तीच, फक्त उच्चार वेगळा. हॉस्पिटलचं ‘ओस्पिताल’ होतं, कारण तिथं ह लिहितात पण बोलत नाहीत. काही शब्दांची तर शेपटीच बदलायची असते. इंग्रजीत शेवटी ‘शन’ असलं की स्पॅनिशमध्ये ‘सिओन’ लावा. नेशनचं ‘नासिओन’, इन्फर्मेशनचं ‘इन्फोर्मासिओन’. युनिव्हर्सिटीचं ‘उनिवेर्सिदाद’. एका नियमात शेकडो शब्द हाती लागतात, आणि पहिल्या आठवड्यात शिकणाऱ्याला वाटतं, अरे, आपल्याला तर सगळं येतं.

धोका इथंच असतो. सारखे दिसणारे सगळेच शब्द नात्यातले नसतात, आणि नात्यातले असले तरी अर्थ बदललेला असतो. ‘सोपा’ हा शब्द इंग्रजी साबणासारखा वाटतो, पण तो सूप. ‘रोपा’ दोरीसारखा, पण तो कपडे. ‘कार्पेता’ म्हणजे सतरंजी नव्हे, कागद ठेवायची फाईल. ‘एक्सितो’ बघून बाहेर जायचा रस्ता आठवतो, अर्थ मात्र यश. ही झाली गमतीची उदाहरणं. एखादी अमेरिकन पाहुणी जेवताना सांडलं म्हणून ओशाळते आणि इंग्रजी शब्दाला स्पॅनिश शेपूट लावून म्हणते, “एस्तोय एम्बारासादा.” घरातल्या बायका एकदम तिला खुर्ची देतात, पाणी देतात. कारण तिनं सांगितलंय, “मी गरोदर आहे.”

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती गमतीची नाही. 1980 साली फ्लोरिडा राज्यात अठरा वर्षांचा एक मुलगा बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात आणला. घरचे क्यूबा देशातून आलेले, स्पॅनिश बोलणारे. त्याला काहीतरी खाल्लेलं बाधलं असावं असं त्यांना वाटत होतं, म्हणून त्यांनी सांगितलं, “इन्तोक्सिकादो.” क्यूबाच्या लोकांच्या बोलण्यात याचा अर्थ पोटात गेलेलं काहीतरी बाधणं, अन्नातून विषबाधा होणं. तिथं प्रशिक्षित दुभाषी नव्हता. इंग्रजीत ‘इन्टॉक्सिकेटेड’ असा जुळा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ नशेत असलेला. डॉक्टरांनी धरून चालले की पोरानं नशेचं औषध जास्त घेतलंय, आणि उपचार त्याच दिशेनं सुरू झाले. प्रत्यक्षात त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. ते कळायला दोन दिवसांहून जास्त वेळ गेला. मुलगा वाचला, पण त्याचे दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. पुढं कोर्टात प्रकरण गेलं आणि आयुष्यभराच्या देखभालीसाठी सुमारे 7 कोटी 10 लाख डॉलरची तडजोड झाली. आजही अमेरिकेत दुभाष्यांच्या शिक्षणात या शब्दाचं उदाहरण दिलं जातं.

यात एक गोष्ट ध्यानात घ्या. घरच्यांनी वापरलेला शब्द बरोबर होता. ऐकणाऱ्यालाही तो ‘समजला’ होता. अजिबात न समजलेला शब्द असता, तर कुणीतरी विचारलं असतं.

हे ऐकून वाटेल, मग शिकूच नये की काय. तसं नाही. शब्द कुठल्या क्रमानं आणि कशासाठी शिकायचे, हा प्रश्न आहे. पुस्तकातल्या पहिल्या धड्यात रंग असतात, प्राण्यांची नावं असतात, आठवड्याचे वार असतात. मला विचाराल तर हत्तीला काय म्हणतात ते दोन वर्षं कळलं नाही तरी चालेल. दवाखान्यातली नर्स आधी शिकते ते ‘दोलोर’ म्हणजे दुखणं, ‘फिएब्रे’ म्हणजे ताप, ‘तोस’ म्हणजे खोकला, ‘सांग्रे’ म्हणजे रक्त. आणि एक प्रश्न, “दोन्दे ले दुएले?” कुठं दुखतंय? हा प्रश्न हुशारीचा आहे, कारण याचं उत्तर बोट दाखवून देता येतं. “काय झालं?” असं विचारलं तर समोरची बाई तिच्या भाषेत घडाघडा पाच मिनिटं बोलेल, आणि विचारणारी नुसती मान हलवत राहील. प्रश्न पाठ करणं सोपं, उत्तर झेलणं अवघड. म्हणून नवशिक्यानं बोटानं, आकड्यानं, हो-नाहीनं उत्तर देता येईल असे प्रश्न आधी घ्यावेत. त्यासोबत दोन वाक्यं गाठीला हवीतच. “नो एन्तियेन्दो”, मला समजलं नाही. “मास देस्पासियो, पोर फावोर”, जरा सावकाश सांगा.

शब्द बसवायला स्वयंपाकघरासारखी दुसरी शाळा नाही. मीठ ‘साल’, पाणी ‘आग्वा’, भात ‘आरोस’, चमचा ‘कुचारा’. साखरेला ‘आसुकार’ म्हणतात. आपली शर्करा इराणात गेली, अरबांकडे गेली, अरबांबरोबर स्पेनला पोचली, त्याची ही आसुकार. नारिंगाचंही तसंच, तिकडे ते ‘नारांखा’. आणि चिंच म्हणजे ‘तामारिन्दो’. अरब व्यापारी चिंचेला ‘तमर हिंदी’ म्हणत, म्हणजे हिंदची खजूर, त्यावरून हे नाव. मेक्सिकोत चिंचेचं गार पाणी गाड्यांवर विकतात. लाल अंबाडीच्या बोंडांचंही सरबत करतात, त्याला ‘आग्वा दे हामायका’ म्हणतात.

मेक्सिकोच्या गावातली बाई मका चुन्याच्या पाण्यात शिजवते, रात्रभर भिजत ठेवते, दगडी पाट्यावर वाटते आणि हातानं थापून तव्यावर भाजते. तिच्या पाट्याला ‘मेताते’, तव्याला ‘कोमाल’ आणि त्या पातळ भाकरीला ‘तोर्तिया’ म्हणतात. पहिले दोन शब्द स्पेनचे नाहीत. तिथल्या मूळ लोकांच्या नाहुआत्ल भाषेतले आहेत, स्पॅनिश लोकांनी ते उचलले. टोमॅटो आणि चॉकलेट हे शब्दही त्याच भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून जगभर गेले. अमेरिकेतल्या इंग्रजी बोलणाऱ्यांनी कोथिंबिरीचा स्पॅनिश शब्द इतका आपलासा केलाय, की ताज्या पानांना ते ‘सिलान्त्रो’च म्हणतात. धण्याला मात्र इंग्रजी नाव.

उच्चारांत त्यांची बरीच दमछाक होते. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच, जीभ दातांना लावून. इंग्रजी बोलणारा ‘तू’ म्हणायला जातो आणि ‘टू’ म्हणतो. र तर जिभेवर नाचवायचा. ‘पेरो’ साध्या र नं म्हटलं की अर्थ ‘पण’, र थरथरवून म्हटला की ‘कुत्रा’. ‘पापा’मध्ये पहिल्या अक्षरावर जोर दिला तर बटाटा, शेवटच्या अक्षरावर दिला तर बाबा. वर्षाला ‘आञ्ञो’ म्हणतात. त्यातला ञ नीट न म्हणता साधा न म्हटला, तर वय सांगता सांगता शरीराच्या भलत्याच भागाचं नाव तोंडातून जातं. वर्गात हा धडा आला की हशा पिकतो, आणि मग तो शब्द कुणी विसरत नाही.

व्याकरणात मात्र मला त्यांची दया येते. इंग्रजीत टेबलाला लिंग नसतं. स्पॅनिशमध्ये टेबल ‘ला मेसा’, ती मेसा. पुस्तक ‘एल लिब्रो’, तो लिब्रो. शेवटी आ असला तर बहुधा स्त्रीलिंग, ओ असला तर बहुधा पुल्लिंग. पण हात ‘ला मानो’, ती मानो, आणि दिवस ‘एल दिया’, तो दिया. “टेबल बाई कशी?” असं ते विचारतात. आपण कधी विचारलं नाही, तो भात, ती भाकरी आणि ते पाणी असं का. आईनं म्हटलं, आपण म्हटलं. म्हणून चांगले शिक्षक सांगतात, नुसता ‘मेसा’ पाठ करू नका, ‘ला मेसा’ असा जोडीनंच पाठ करा.

आवडीनिवडीचं तर विचारू नका. इंग्रजीत ‘मी आंबा आवडते’ अशा धाटणीनं बोलतात. कर्ता मी. स्पॅनिशमध्ये “मे गुस्ता एल मांगो”, म्हणजे मला आंबा आवडतो. आंबे अनेक असले तर “मे गुस्तान लोस मांगोस”, मला आंबे आवडतात. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, अगदी आपल्यासारखं! इंग्रजी डोक्याला हे महिनोन्‌महिने पचत नाही. दुखण्याचंही तसंच. “मे दुएले ला काबेसा”, माझं डोकं दुखतं. “मे दुएलेन लोस पिएस”, माझे पाय दुखतात. मराठी बाईनं हे एकदा ऐकलं की दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

आपल्यालाही अवघड जाईल असं एक आहे. ‘आहे’साठी त्यांच्याकडे दोन शब्द आहेत, एक स्वभावासाठी, एक सध्याच्या स्थितीसाठी. मुलाबद्दल “एस्ता मालो” म्हटलं तर तो आजारी आहे. “एस मालो” म्हटलं तर तो वाईट आहे. आईला विचारताना एवढ्याशा फरकानं काय होईल, ते तुम्हीच बघा.

आता ‘तू’ आणि ‘उस्तेद’. ‘उस्तेद’ म्हणजे आपलं ‘तुम्ही’. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’, त्यामुळे शिकणारा सोपा म्हणून ‘तू’ धरतो आणि आजोबांच्या वयाच्या माणसालाही ‘तू’ करतो. समोरचा परका म्हणून सोडून देतो, पण मनात राहतं. विस्कॉन्सिन हे अमेरिकेतलं दुधाचं राज्य. तिथल्या गोठ्यांवर मेक्सिकोतून आलेले बरेच कामगार आहेत, आणि मालक इंग्रजी बोलणारे. मालक शब्द शिकतात ते असे, गाय ‘बाका’, दूध ‘लेचे’, कास ‘उब्रे’, धार काढणं ‘ओर्देञ्यार’. आणि त्यापुढं, ये, आण, धू, लवकर. नुसते हुकूम. अशा शब्दांवर गोठा चालतो, बोलणं होत नाही. तिथल्या एका शाळेत स्पॅनिश शिकवणाऱ्या बाईंनी पुढाकार घेऊन ‘पुएन्तेस’ नावाची संस्था उभी केली. पुएन्तेस म्हणजे पूल. ही संस्था विस्कॉन्सिन आणि मिनेसोटातल्या गोठेवाल्यांना मेक्सिकोत, आपल्या कामगारांच्या गावी घेऊन गेली. कामगाराच्या आईच्या घरी बसून तिच्या हातची तोर्तिया खायची, तिच्याशी मोडकंतोडकं बोलायचं. तिथं हुकुमाचे शब्द उपयोगाचे नाहीत. “ग्रासियास सेन्योरा” आणि “कोमो एस्ता सु फामिलिया?”, घरचे कसे आहेत, हे लागतं.

शिकलेलं टिकवायचं कसं, हे थोडक्यात सांगते, कारण ते कुठल्याही भाषेला लागू आहे. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं, की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून विसरायच्या बेतात असताना पुन्हा आठवून बघितलं की पक्कं बसतं. 1970 च्या दशकात सेबास्टियान लाइटनर यांनी त्यावर डब्याची युक्ती सांगितली. पाच खणांचा खोका घ्यायचा. चिठ्ठीच्या एका बाजूला आपला शब्द, दुसऱ्या बाजूला परका. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू याला छान. सगळ्या चिठ्ठ्या पहिल्या खणात. शब्द आठवला की चिठ्ठी पुढच्या खणात जाते, चुकला की थेट पहिल्या खणात परत येते. पहिला खण रोज काढायचा, दुसरा दोन दिवसांआड, तिसरा आठवड्यानं, असं अंतर वाढवत न्यायचं. मोबाईलवरची भाषा शिकवणारी अ‍ॅप्स हेच करतात, फक्त खण दिसत नाहीत. वाचण्याआधी अर्थ आठवायचा प्रयत्न मात्र करायलाच हवा. नुसती उलटून बघितलेली चिठ्ठी आठवणीत राहत नाही.

राहता राहिला दवाखाना. घरात मोठ्यांना इंग्रजी येत नाही आणि शाळेत जाणाऱ्या पोराला येतं, असं तिकडं घरोघरी आहे. मग दहा वर्षांची मुलगी डॉक्टर आणि आई यांच्या मध्ये उभी राहते, आईच्या पाळीबद्दल, गाठीबद्दल, गर्भाबद्दल बोलते. काही शब्द तिला माहीत नसतात, काही ती लाजून गाळते, काही आईला वाईट वाटू नये म्हणून बदलते. 2016 मध्ये अमेरिकी सरकारनं नियम केला, की सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्यांनी तातडीचा प्रसंग सोडून लहान मुलांकडून दुभाष्याचं काम करून घ्यायचं नाही. पात्र दुभाषी द्यायचा, तोही पेशंटकडून पैसे न घेता. समोर माणूस नसला तर फोनवर. स्पॅनिश शिकलेल्या नर्सलाही आता हेच सांगतात. नाव विचारा, धीर द्या, पाणी हवं का विचारा, कुठं दुखतं ते विचारा. ऑपरेशनची संमती, औषधाचा डोस, आजाराचं निदान आलं की थांबा. तिथं एकच वाक्य, “नेसेसितो उन इन्तेर्प्रेते”, मला दुभाषी हवा. हे वाक्य पेशंटलाही शिकवतात, इंग्रजीतून.

आणि बाटलीवरच्या चिठ्ठीसाठी औषधदुकानातल्या माणसानं काय करावं? ‘वन्स’ हा शब्दच टाळावा. ‘1’ हा आकडा लिहावा, आणि स्पॅनिशमध्ये “उना वेस आल दिया” म्हणजे दिवसातून एक वेळ, असं लिहून ते मोठ्यानं वाचून दाखवावं. मग आईलाच विचारावं, “कधी आणि किती देणार, मला सांगा बरं.” तिनं बोटानं एक दाखवलं की पिशवी तिच्या हातात द्यावी.